सव्वीस इंचांची काठी

भाऊ, तिसरीही बघून आलो. मोबाइलला चाकं लावलीयत, बाकी काही नाही.

तुम्ही बरोबर असतात तर शोरूमच्या काचेच्या दारातूनच परत फिरला असतात. आत गाडी लाल कापडाखाली झाकून ठेवलेली, नवरीसारखी. कापड ओढलं तर खाली पांढऱ्या रंगाचा एक फुगीर पदार्थ. बटण शोधून सापडत नाही. एसी वाढवायचा तरी पडद्यावर बोट फिरवत बसायचं, तोवर समोरची बस अंगावर आलेली. दारांच्या आतून निळे दिवे, लग्नाच्या हॉलच्या स्टेजला असतात तसे. छताला काच, म्हणजे आपल्या उन्हात टाळू भाजून घ्यायची सोय. आणि स्टेपनी नाहीच. तिच्या जागी एक डबी दिलीय, तिच्यात फेस. पंक्चर झालं की तो टायरमध्ये सोडायचा म्हणे. मी त्या डबीकडे बघत उभा राहिलो आणि मला स्वच्छ तुमचा आवाज ऐकू आला, "दाढी करूक दिल्यानी काय?"

हसू आलं, आणि मग बरोबर हसायला बाजूला तुम्ही नाही हे लक्षात आलं.

मंडळाच्या स्मरणिकेत तुमच्यावर लिहायला मला सांगितलंय. मी सेक्रेटरींना म्हटलं, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, माझ्या पावतीतसुद्धा चुका असतात. ते म्हणाले, मग छोटी वाक्यं लिही. तर लिहितोय. जन्म कधीचा, वडील कुठल्या खात्यात, गॅरेज कधी टाकलं, कधी गेलात, हे सगळं दुसरं कोणी नीट लिहील. चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलंही होतं, तेरा दिवस. मला ते नको. मला तुमच्याशी बोलायचंय. नऊ वर्षं एक वाक्य माझ्या घशात अडकून आहे. ते इथे मध्येच कुठेतरी येईल, तेव्हा रागावू नका. म्हणजे रागवा, पण वाचून झाल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळाचौकीच्या गल्लीत आपलं गॅरेज एकाच गाडीचं. घरच्या माणसांची, छोटी, उंच, जीपच्या चालीची गाडी. कंपनीने ती तीनदा नव्याने काढली, तीन पिढ्या झाल्या. नाव सगळ्यांचं एकच, पण आपल्यात ते नाव कोणी घेत नसे. पयली, दुसरी, तिसरी, बस. लालबाग, परळ, नायगावातला कोणीही ती गाडी घ्यायला निघाला की आधी तुमच्याकडे यायचा आणि तुम्ही नाक मुरडायचात. ते मुरडलेलं नाक बघायलाच माणसं येत असावीत. कॅमेऱ्यासमोर हात हलवून गाडीबद्दल बोलणारी पोरं आता फोनवर शेकड्यांनी आहेत. गाडीत कधी चार मावश्या, दोन फणस आणि एक उलटी होणारं पोर एकदम बसलेलं त्यांनी बघितलेलं नाही. त्यांच्या तासाभराच्या बडबडीपेक्षा तुमच्या एका "हं"मध्ये जास्त माल होता.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. कापसाच्या जिनिंगवर, वीटभट्टीवर, ट्रकवर क्लीनर, असं करत करत एका ट्रकने मला रे रोडच्या लाकडाच्या वखारीपाशी उतरवलं, तिथून विचारत विचारत तुमच्या शटरपाशी. तुम्ही गाव विचारलंत. वाशिम म्हटलं. "वाशिम म्हणजे खंय? नागपुराकडे मा?" नागपूर वाशिमपासून किती लांब आहे हे सांगायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. झालं. पंधरा वर्षं मी नागपूर. तुमच्या घरी काकींनी एकदा माझं खरं नाव विचारून घेतलं होतं, तुम्ही तेही केलं नाहीत.

पण तिसऱ्या दिवशी पयलीची चावी माझ्यापुढे टाकलीत. "धू आणि फिरवून हाड." तुम्ही बाकड्यावर बसून पेपर उघडलात आणि परत माझ्याकडे बघितलंही नाही. भाऊ, आठवीत शाळा सोडलेल्याला कोणी चावी देत नाही. हवा भरायला देतात, ग्रीस काढायला देतात, बाहेरून चहा आणायला लावतात. मी ती गाडी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपर्यंत नेली आणि परत आणली. चुकून हॅन्डब्रेक ओढलेलाच होता. तुम्हाला वासावरून कळलं. काही बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही नाक मुरडलं असतं.

मी घाबरट आहे. नट आवळला की तीनदा परत आवळून बघतो, शटर लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन कुलूप ओढतो. एकदा एक गिऱ्हाईक माझ्या अंगावर ओरडत होता आणि मी थिजून उभा होतो. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "भिया वाटता? वाटांदे. नाक मुरड. मगे समोरच्याक भिया वाटता." तुम्ही मला पाना धरायला शिकवलंत आणि नाक मुरडायला. पान्याचं काम बरं जमतं. नाकाचं त्याहून बरं.

म्हणून आज पयलीबद्दल पण बोलतो, जे तुमच्यासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती. पयली ही गाडी नव्हती, लोखंडी कपाट होतं. स्टिअरिंग फिरवायला दंडात बैल पाहिजे. एसी लावला की चढणीवर गाडी दमेकऱ्यासारखी थांबून श्वास घ्यायची. दारं एकदा लावून कधी लागली नाहीत. क्लीनर साइडच्या पायाखाली पत्रा सडून रस्ता दिसायला लागला तेव्हा तुम्ही मंडपाच्या पत्र्याचा तुकडा रिव्हेटने ठोकलात आणि वर चटई टाकलीत. गिऱ्हाइकाने असं काही केलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांना ऐकवलं असतंत. "गाडी बघूची तर आदी खालसून बघ, वरसून सगळेच बरे दिसतत," हे कोण सांगायचं हो? आणि स्वतःच्या गाडीला चटई?

पण पयलीचा मागचा दरवाजा कपाटासारखा बाजूला उघडायचा. उभा, चौकोनी, वरपासून खालपर्यंत सरळ. तेवढ्यासाठी तुम्ही तिचं सगळं माफ केलं होतं, कारण त्या दरवाजातून दर वर्षी तुमचा गणपती आत जायचा.

कणकवलीकडे तुमच्या गावात मूर्ती घडवणारी गणपतीची शाळा असताना तुम्ही मूर्ती परळच्या कारखान्यातूनच नेणार, हा तुमच्या वडिलांपासूनचा हट्ट. घरचा शिसवी पाट आषाढात कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती घडणार, उंची ठरलेली. पाटाच्या बुडापासून मुकुटाच्या टोकापर्यंत सव्वीस इंच. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. त्या मापाची बांबूची एक काठी तुम्ही कापून ठेवली होती आणि जगातली प्रत्येक गाडी तिनेच मोजत होतात. शोरूमवाले मागच्या जागेचं माप लिटरमध्ये सांगायचे. तुम्ही विचारायचात, देव काय रॉकेल आहे? मग पिशवीतून ती काठी निघायची. त्यांचे चेहरे बघून मला दर वेळी जमिनीत जावंसं वाटायचं आणि दर वेळी अभिमानही वाटायचा.

आता ते येतंय, भाऊ.

दुसरी निघाली त्या वर्षी नायगावचे कदम आले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बीडीडीच्या चाळीतले, आयुष्यातली पहिली नवी गाडी घेणार. त्यांचाही गणपती परळचा, त्यांचीही उंची तीच. भाऊ म्हणतील तर घेतो, नाहीतर नाही, असं सगळ्या चाळीत सांगून आलेले. आपण तिघं शोरूमला गेलो. तुम्ही गाडीखाली सतरंजी टाकून आडवे झालात, इस्त्रीचे शर्ट घातलेले दोन साहेब वरून बघत राहिले. मग मागचं दार. दुसरीचं दार वर उचलायचं, आणि पाठ तिरकी, पुढे झुकलेली. आत छताला जागा भरपूर, पण तोंड बुटकं. तुम्ही काठी घेतलीत. वरचं टोक आधी आत घातलंत, मग खालचं, आणि आत गेल्यावर ती उभी केलीत. वर चार बोटं मोकळी. "पास," म्हणालात. कदमांनी तिथल्या तिथे साहेबांचा हात हातात घेतला.

मी बघितलं होतं. तुमचं मनगट वळलेलं मी बघितलं होतं. काठी तिरकी होऊन आत गेली. गणपती तिरका कसा जाणार?

वाक्य जिभेवर आलं होतं. पण समोर दोन साहेब, कदम आनंदात, आणि मी कोण, नागपूर. मी स्वतःची समजूत घातली की भाऊंना कळलं नसेल असं होणारच नाही, त्यांनी काहीतरी हिशेब केला असेल. घाबरट माणसाला दुसऱ्याचा मोठेपणा फार कामाला येतो. त्याच्या मागे लपता येतं.

आणि मग कारखान्याच्या दारातला तो दिवस. रुमालाने तोंड झाकलेली कदमांची मूर्ती, दोन्ही बाजूंनी चार माणसांनी पाट धरलेला, नवी कोरी गाडी हार घालून उभी. आणि मुकुट दाराच्या कडेला लागला. दोन बोटांनी. सोनेरी रंगाचा एक ओरखडा कडेवर उमटला. मूर्तिकार ब्रश घेऊन धावला, रंगच गेला होता, माती शाबूत होती, देवाची कृपा. मागून कोणीतरी सुचवलं, जरा कलती करून बघू या का. कदमांची म्हातारी आई पुढे येऊन म्हणाली, "देव म्हणजे काय सोफा आहे, आडवातिडवा करायला?"

तुमचा चेहरा मी त्याआधी तसा बघितला नव्हता, त्यानंतरही नाही. जेवढं बोललात ते एवढंच, "कदमानू, तुमचो देव माझ्या गाडयेतसून जातलो." पयली काढलीत. कदमांचा गणपती चिपळूणच्या पुढे त्यांच्या अंगणात उतरवून तसेच मुंबईला परत आलात, मग आपला घेऊन कणकवलीला निघालात. तुमचा स्वतःचा देव त्या वर्षी चतुर्थीला नैवेद्य वाढून झाला तेव्हा घरी पोचला. मी गाडी चालवत होतो, तुम्ही मागे पाट धरून बसला होतात, आणि तीनशे मैलांत मला ते वाक्य बोलता आलं असतं. नाही बोललो.

त्यानंतर दुसरी म्हणजे शिवी झाली. "चोर गाडी. आत एक, भायर एक." दारावर पाटी लावलीत, इथे दुसरीचं काम होणार नाही. तोवर अर्ध्या परळमध्ये दुसरीच फिरत होती, भाऊ. गिऱ्हाईक दारातून परत जायचं आणि तुम्ही बाकड्यावर बसून सडलेल्या पयलीच्या गुणांवर प्रवचन द्यायचात. माझा तुमच्यावर राग होता. आज लिहितो, कीव येत होती तुमची. एवढा मोठा मिस्त्री आणि एका दाराच्या कडेवर आयुष्याचा राग काढत बसलेला. आणि त्या रागाचं मूळ मला माहीत होतं, म्हणून माझी स्वतःची कीव त्याहून जास्त.

मी रविवारी रे रोडच्या वखारीमागे दुसऱ्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करायचो. तुम्हाला माहीत होतं. सोमवारी सकाळी मी आलो की तुम्ही हवेत नाक ओढून म्हणायचात, "तुझ्या हाताक दुसरेचो वास येता." कितीतरी वेळा मी वाद काढला. म्हटलं, इंजिन तरी बघा, दीड लाख किलोमीटर जाऊन ठिपूसभर तेल गळत नाही. ब्रेक बघा. घाटात वळणावर पयली झोपायला बघते, ही सरळ उभी राहते. काकींना चढताना गुडघा वर घ्यावा लागत नाही. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "दुसरेचा नाव काढू नको." वाद कधी संपला नाही. आता संपवायला समोर माणूसच नाही.

मागच्या वर्षी तुम्ही मला दुखवलंत. गणपतीला निघताना म्हणालात, तू एसटीने ये, काकींना पण घेऊन ये, गाडीत सामान फार आहे. चौदा वर्षं मी स्टिअरिंगवर होतो. सामान काय, चार पिशव्या आणि मखराचे पुठ्ठे. तुम्ही आणि गणपती, दोघेच गेलात. मला वाटलं, म्हातारा माझ्या हाताला वैतागला. बसमध्ये काकी मला शेंगा सोलून देत होत्या आणि मी रुसून बसलो होतो, सदतीस वर्षांचा बाप्या.

तुम्ही गेल्यावर, तेरावं उरकल्यावर, सुप्रियाताई गॅरेजवर आली. तुमची लेक तुमच्यासारखी नाही, ती सरळ विचारते. "दादा, गणपती तर येणार. आई म्हणते, येणारा येणारच. भाऊंची गाडी नेऊ की नवीन घेऊ? गाडीत आई असेल, माझी दोन पोरं असतील आणि देव असेल. तू सांगशील ते करते."

मी सांगेन ते. भाऊ, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पयली खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरलो. खालसून. मागच्या चाकाजवळ चासीच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर लावला तर चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला. आणि वर काळा रंग. जाड, ताजा, वर्षभरापूर्वीचा असेल. ब्रशच्या रेषा उजवीकडे ओढलेल्या, डावखुऱ्या माणसाने ओढल्यासारख्या. त्या खड्ड्यात आपण दोघंच उतरतो आणि मी उजवा आहे.

आधी तोंडात शिवी आली. खालून बघ म्हणणारा माणूस खालून रंग फासतो? तिथेच बसलो, डोक्यावर तुमची ती सडकी गाडी. आणि मग एसटी आठवली. काकींच्या शेंगा आठवल्या. तुम्हाला माहीत होतं. आम्हाला कोणाला त्या गाडीत बसू दिलं नाहीत. आपल्या आणि देवाच्या जबाबदारीवर गेलात आणि आलात, पण गाडी सडली हे तोंडाने म्हणायची लाज वाटली. एवढा कसला हो तोरा?

वर येऊन काठी काढली. शेल्फच्या मागे, जुन्या पट्ट्यांत होती. कदमांच्या प्रकरणानंतर ती मला दिसलीच नव्हती, मला वाटलं होतं रागाने मोडून टाकली असेल. काठी होती तशीच होती. फक्त वरच्या टोकाला एक खिळा मारलेला, खिळ्याला सुतळी, आणि सुतळीच्या टोकाला दहा नंबरचा एक नट लटकत होता. गवंडी भिंत बघायला लावतो तो ओळंबा. काठी जरा कलली की नट बाजूला जाणार. परत कधी तिरकी होऊ नये म्हणून.

सुतळी मळलेली होती. वर्षानुवर्षं जुनी.

म्हणजे तुम्हालाही माहीत होतं. गाडी चोर नाही, हे तुम्हाला त्याच वर्षी कळलं होतं. दोघंही नऊ वर्षं एका बाकड्यावर बसून एकाच गोष्टीबद्दल गप्प राहिलो आणि मध्ये बिचाऱ्या त्या गाडीला शिव्या खायला लावल्या. मी किती वर्षं तुमचा तो राग गाडीवरचा समजत होतो.

तर काठी घेऊन तिसरीच्या शोरूमला गेलो. ताई बरोबर, तिची पोरंही. पोरांना वरची काच फार आवडली. माल दाखवणारी मुलगी हुशार होती, हातात पाटीएवढा टॅब, तोंडात साखर. सहा एअरबॅग, आपोआप लागणारा ब्रेक, सगळं घडाघडा. खरं सांगतो, सहा एअरबॅगपुढे माझं नाक जरा खाली आलं. ते खोटं नाही, ती गाडी माणसांना जपेल. ताईचा चेहरा बघून कळत होतं की तिचं मन बसलंय. मग मी मागचं दार उघडायला सांगितलं. ते आपोआप उघडलं, गाणं म्हणत. काठी दाराशी उभी धरली. नट सरळ लटकला. तीन बोटं कमी.

मुलगी हसून म्हणाली, "सर, थोडी तिरकी करा ना. आत हाइट आहे, आरामात जाईल."

ताई माझ्याकडे बघत होती, पोरं वरच्या काचेतून हात काढून बघत होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक साहेबही येऊन उभा राहिला. सगळं तसंच होतं, भाऊ. फक्त तुम्ही नव्हतात. मी नाकसुद्धा मुरडलं नाही, विसरलोच.

"गणपती तिरका जात नाही," मी म्हटलं.

इतकं सोपं वाक्य आहे. चार शब्द. नऊ वर्षं लागली.

घरी येऊन काकींना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. पयली काळाचौकीच्या बाहेर न्यायची नाही. तिसरीत तीन बोटं कमी पडतात. दुसरीत दोन. टेम्पोने देव पाठवायचं तुम्हाला कधी पटलं नसतं. म्हणजे सव्वीस इंचांना गाडीच नाही. काकी मखराचा जुना कागद घडी घालत होत्या, घडी घालतच म्हणाल्या, "मगे तीन बोटां कमी करूक सांग."

मी आणि ताई एकमेकांकडे बघायला लागलो.

"उंची ह्यांची होती," काकी म्हणाल्या. "गणपतीन काय ती कधी मागूक नाय."

पाट उचलून माझ्या हातात दिला आणि कारखान्यात पोचवून ये म्हणाल्या. भाऊ, आयुष्यभर तुम्ही अख्ख्या गिरणगावाला नाक मुरडलंत आणि तुमच्या सगळ्या काठीची बाईने एका वाक्यात विल्हेवाट लावली. तुम्हाला हे कधी विचारावंसं वाटलं नाही त्यांना?

काठी हॅक्सॉने कापली. खालच्या बाजूने, म्हणजे ओळंबा तसाच राहिला. तीन बोटांचा तुकडा टाकवला नाही, तो पान्यांच्या खणात आहे.

त्या मापाने आता तिसरीही पास होते. ताईने विचारलं, मग घेऊ ना? आणि तेव्हा मला कळलं की आता मागे लपायला काठीही नाही. माझं मत मलाच द्यायचं होतं. सहा एअरबॅग सोडताना तीनदा हिशेब केला, अजून करतो. पण आपल्या गावच्या रस्त्याला, वाडीच्या त्या खडीवर, फेसाच्या डबीवर विसंबून मी तुमच्या नातवंडांना पाठवणार नाही. आणि जी गाडी मी कधी उघडून बघितली नाही तिच्याबद्दल शपथेवर बोलणार नाही.

कदमांना मोतीबिंदू झालाय, त्यांनी गाडी चालवणं सोडलंय आणि आपली ती दुसरी विकायला काढलीय. तुम्हाला तोंड दाखवायला त्यांना अवघड वाटायचं, म्हणून आठ वर्षं ते रविवारी वखारीमागे माझ्याकडे येत होते. तिचा एकही नट असा नाही की जो माझ्या हाताने तीनदा आवळलेला नाही. दोन एअरबॅग आहेत, स्टेपनी आहे, बटणं आहेत. परवा तिच्या मागच्या दाराशी काठी उभी धरली. कदम डोळे बारीक करून बघत होते. नट हलला नाही. काठी सरळ आत गेली आणि वर एक बोट उरलं. दाराच्या कडेवर तो सोनेरी ओरखडा अजून आहे, कदमांनी कधी पॉलिश करून घेतला नाही.

ताईला सांगितलं, हीच घे. तिने एकच विचारलं, "खालून बघितलीस?"

तर भाऊ, यंदा तुमचा गणपती दुसरीतून जाणार. चोर गाडीतून. काकी पुढे बसतील, पोरं आणि ताई मधे, आणि स्टिअरिंगवर मी. कुठे असाल तिथे नाक मुरडा, शिव्या घाला, माझ्या हाताला वास येतो म्हणा.

मी खालून बघितलीय.